हे तुम्हीच का?

ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर मुलांचे एक नाट्यमंडळ होते आणि तेथे शिरण्याची रीत जगावेगळी होती. पाठ केलेले भाषण तेथे कोणी ऐकून घेत नसे. गोड गळा, टपोरे डोळे, कुरळे केस यांतल्या कशालाही बाई भीक घालत नसत. मंडळ चालवणाऱ्या या बाई साठीच्या पुढच्या, मोजके बोलणाऱ्या, आणि कानामागे सदैव एक पेन्सिल खोचलेल्या. त्यांची अट एवढीच की, ओळखीतल्या एखाद्या काम करणाऱ्या माणसाला त्याच्या परवानगीने आठ दिवस पाहायचे आणि नवव्या दिवशी त्याला बरोबर घेऊन यायचे. मग रिकाम्या रंगमंचावर, हातात काही न घेता, तोंडातून शब्द न काढता, तीन मिनिटे तो माणूस व्हायचे. ते झाले की बाई खुर्च्यांत बसलेल्या त्या खऱ्या माणसाकडे वळत आणि विचारत, "हे तुम्हीच का?" तो 'हो' म्हणाला तर मूल आत, 'नाही' म्हणाला तर पुढच्या वर्षी. लाडाखातर म्हटलेला 'हो' बाईंना लगेच ओळखू येतो, असे जुनी मुले नव्या मुलांना दम दिल्यासारखे सांगत. बाकी सगळे या प्रकाराला ऑडिशन म्हणत. बाई मात्र 'पाहणी' म्हणत.

भिंगूला गेल्या वर्षी 'नाही' मिळाले होते. तिने बेकरीवाले काका केले होते. कणीक तिंबणे, भट्टीत डोकावणे, कपाळावरचा घाम मनगटाने पुसणे, सगळे अगदी रंगवून केले होते. बेकरीवाल्यांनी डोके खाजवले आणि ते म्हणाले, "पोरगी गुणाची आहे हो, पण हा काही मी नव्हे. हा आमच्या समोरचा चहावाला दिसतोय. तोच असा हवेत हात नाचवतो." सभागृह हसले. भिंगूही हसली, आणि मग ग्रंथालयाच्या मोरीत नळ सोडून बराच वेळ उभी राहिली.

यंदा मात्र 'पुढच्या वर्षी' हा शब्द तिच्यासाठी उरलाच नव्हता. बारा पूर्ण झालेल्यांना मंडळ नव्याने घेत नसे, आणि भिंगूला बारा पूर्ण व्हायला दोनच महिने होते.

तिचे खरे नाव शाळेच्या पटावर होते. घरात तिला कोणी त्या नावाने हाक मारत नसे. चार वर्षांची असताना तिला कुठल्याशा खोक्यात एक भिंग सापडले होते आणि त्यानंतरचे वर्षभर तिने मुंग्या, भाताची शिते, पाहुण्यांच्या नाकावरचे तीळ असे जे जे दिसेल ते त्यातून न्याहाळले. भिंग केव्हाच हरवले. नाव तेवढे चिकटून राहिले.

"मामा, मी तुला आठ दिवस पाहू?" तिने विचारले.

मामा फ्रेमवाला होता. आईचा धाकटा भाऊ, चाळिशी गाठलेला, एकटा राहणारा, आणि चार माणसांत शब्द फुटायचा नाही असा. त्याचे दुकान म्हणजे एक लांबट खोली: पुढे काचेचा दरवाजा, मध्ये काम करायचे मोठे टेबल, भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या लाकडी पट्ट्या, आणि वर खाली सगळीकडे चेहरेच चेहरे. लग्नातले, बक्षीस घेतानाचे, निवृत्त होतानाचे, दुपट्यातले. काही न्यायला आलेले, काही कोणी न्यायलाच न आलेले.

"मला?" मामाच्या हातातला गुण्या टेबलावर पडला. कोपरा काटकोनात आहे की नाही हे पाहायचे ते लोखंडी साधन त्याच्या हातून कधी पडत नसे. "माझ्यात पाहण्यासारखं काय आहे गं? त्यापेक्षा आपला तो बसवाला बघ. तो गातो तरी."

"नाही. तूच."

"बरं," मामा म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती वही घेऊन दुकानात आली तेव्हा मामाने इस्त्रीचा सदरा घातला होता आणि केस पाणी लावून बसवले होते. तो काच कापायला उभा राहिला. काच कापायची हिरकणी त्याने बोटांमध्ये एकदा फिरवली, मग हात उंच नेऊन वरून खाली असा काही झोकात आणला की भिंगू स्टुलावर ताठ झाली. कर्रर्र अशी एक सरळ रेघ उमटली. मामाने काच टेबलाच्या कडेवर घेतली, भिंगूकडे एक नजर टाकली आणि टक्! तुकडा सुटला. पट्टीला करवत लावण्याआधी त्याने एक डोळा मिटून ती बंदुकीसारखी धरली. खिळे ओठांत धरून एकेक काढला आणि प्रत्येक ठोक्यानंतर हातोडी किंचित उडवून झेलली.

भिंगूने धडाधड लिहून घेतले. पाचव्या दिवसापर्यंत वहीची अकरा पाने भरली. घरी दार लावून ती आरशासमोर हिरकणी फिरवी, बंदूक धरी, हातोडी झेली. एकदा झेलताना खरीच पावडरची डबी घेतली आणि ती डोक्यात पडली, तेव्हा आई दार ढकलून आत आली.

आई इस्पितळात परिचारिका होती; दिवसभर उभी राहून आल्यावर तिच्या जिभेला धार येई. ती पलंगावर बसली. "कर बघू. मलाही कळू दे काय चाललंय."

भिंगूने पहिल्यापासून सगळे केले. आईने शेवटपर्यंत पाहिले आणि मग पदराने डोळे पुसले. ती हसून हसून रडत होती.

"अगं, हा कोण? हा माझा भाऊ? हा तर सर्कशीतला चाकूफेक्या!"

"मामा असंच करतो! मी पाहिलंय, रोज पाहिलंय."

"तुझ्यासमोर करत असेल. शाळेत बक्षीस घ्यायला नाव पुकारलं तर बाकाखाली लपणारा मुलगा तो. तू पाहतेस म्हणून नाचतोय बिचारा." मग आईला तिचा चेहरा दिसला आणि तिचा आवाज उतरला. "भिंगू, त्याच्याकडे इतकं टक लावून आजवर कोणी पाहिलेलंच नाही गं. त्याला वाटलं असेल, आपल्यात काहीतरी असायला हवं."

रात्रभर नव्हे, पण जेवणापर्यंत भिंगू वहीकडे पाहत बसली. अकरा पाने, आणि त्यांत मामा कुठेच नव्हता. मग मामा होता तरी कसा? जन्मापासून ती त्याला पाहत आली होती आणि तिला काहीच आठवेना. त्याचा डोळ्यांपुढे येणारा चेहरा म्हणजे दुकानातल्या चेहऱ्यांमधली एक रिकामी चौकट होती. जवळचे माणूस आपण कधी पाहतच नाही की काय, असे तिला पहिल्यांदा वाटले, आणि या विचाराने ती घाबरली, पण त्याहून अधिक तिला चेव चढला.

सहाव्या दिवशी ती गेली ती हिरमुसूनच. मामाला काही म्हणावे तर तो ओशाळणार; न म्हणावे तर तो हातोडी झेलणार. तिने वही दप्तरातच ठेवली आणि म्हणाली, "आज पाहत नाही मामा. गणितं राहिलीत." मागच्या कोपऱ्यात, पुठ्ठ्यांच्या थप्पीवर पाटी-पुस्तक मांडून ती भिंतीकडे तोंड करून बसली. खरोखरच अपूर्णांकांची दहा गणिते होती, आणि सातव्या गणितापर्यंत ती स्वतः तेथे आहे हे ती स्वतःच विसरली होती. मामाही विसरला असावा.

मान दुखली म्हणून तिने डोके वर केले. समोर भिंतीला एक मोठी, अजून रिकामी फ्रेम टेकवली होती. तिच्या काचेत मागचे टेबल दिसत होते. मामा टेबलाशी उभा होता. सदरा चुरगळलेला, केस विस्कटलेले. त्याच्यापुढे कुणा म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो होता, अंगावर गणवेश, हनुवटी वर, गालफडे बसलेली, जगावर रागावलेले. मामा त्यावरची काच मऊ फडक्याने पुसत होता. गोल, गोल, कोपऱ्यापर्यंत. आणि पुसता पुसता मामाची हनुवटी वर गेली. गालफडे आत ओढली गेली. भुवया जवळ आल्या. टेबलाशी आता तो रागावलेला म्हातारा उभा होता, मामाच्या सदऱ्यात.

भिंगूने श्वास रोखला.

मामाने तो फोटो बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. दोन दात आलेले बाळ. फडके फिरू लागले, आणि मामाचा खालचा ओठ हळूहळू लोंबला, गाल फुगले, डोळे गोल झाले. तिसरा फोटो कुठल्याशा नवरीचा. मामाने मान तिरकी केली, पापण्या खाली आल्या, आणि चाळिशीतल्या, दाढी वाढलेल्या त्या माणसाच्या ओठांवर एक चोरटे, लाजरे हसू आले, ते फडके थांबेपर्यंत राहिले आणि मग पुसल्यासारखे गेले. त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्याचे लक्ष काचेवरच्या डागांवर होते.

ज्याला चार माणसांत बोलता येत नाही तो माणूस येथे दिवसभर माणसांना भेटत होता.

भिंगूने आठवे गणित सोडवले. ते चुकले.

सातव्या दिवशीही तिने गणितेच नेली, आठव्या दिवशी भूगोल. काचेत तिला बारा चेहरे मिळाले. पण घरी आल्यावर तिने दार लावले नाही, की आरशासमोर उभी राहिली नाही. तिला आईचे गाणे आठवत होते.

आई पूर्वी कपड्यांना इस्त्री करताना गुणगुणायची. कुठलेच धड गाणे नव्हते ते, नुसता एक वर चढून खाली उतरणारा सूर. एके दिवशी भिंगू कौतुकाने म्हणाली, "आई, तू इस्त्री करताना गातेस, तुला माहितीये?" आई लाजली. आणि त्या दिवसापासून तो सूर गेला. नंतर दोन-तीनदा आईने मुद्दाम गुणगुणून पाहिले, तर ते दुसरेच काहीतरी निघाले. आता घरात इस्त्रीचा नुसता वाफेचा आवाज येतो.

मामाही खुर्चीत बसून पाहणार होता. ती जे दाखवेल ते त्याला कळणार होते. मग तो पुढच्या वेळी फडके उचलेल आणि त्याला स्वतःचे तोंड आठवेल.

आणि चाकूफेक्या दाखवला तर? मामा मोठ्या आनंदाने 'हो' म्हणेल. त्यात लाडाचे काही नसेल. तो मामाने स्वतः घडवलेला मामा होता. बाईंना कळेल का? कदाचित नाही. भिंगू आत जाईल. तिने ठरवून टाकले, हातोडी झेलायची. त्या दिवशी तिने एकवीस वेळा झेलून पाहिली.

पाहणीच्या सकाळी मामा नवा सदरा घालून तिसऱ्या रांगेत बसला. शेजारी आई. भिंगूच्या आधी एका मुलाने त्याची आत्या केली. आत्या टपालाच्या कचेरीत शिक्के मारायची. मुलाने शिक्का मारला, मारला, आणि मध्येच थांबून सँडलमधून पाय काढून पायानेच पाय खाजवला. "अगं बाई, हे पण पाहिलंस का मेल्या!" आत्या ओरडली. बाई म्हणाल्या, "हे तुम्हीच का, हे आता विचारायला नको." सगळे हसले.

मग भिंगू. रंगमंचाच्या फळ्यांवर जुन्या नाटकांच्या खडूच्या खुणा होत्या. तिने नसलेली काच टेबलावर ठेवली, नसलेली हिरकणी बोटांत फिरवली, हात उंच नेला. तिसऱ्या रांगेत मामाने समाधानाने मान हलवली. पहिल्या रांगेत बाईंनी कानामागची पेन्सिल काढलीदेखील नव्हती.

तिने कोपरे जुळवले, खिळे ठोकले, हातोडी झेलली. आता नुसती काच पुसायची आणि वाकून नमस्कार करायचा. तिने नसलेले फडके हातात घेतले. गोल, गोल, कोपऱ्यापर्यंत. पण काचेखाली कोण आहे? येथवर कोणीच नव्हते. तिला एकाएकी अनावरपणे जाणून घ्यावेसे वाटले की, ते आतून कसे असते. मामाला काय होते? फ्रेमच्या काचेत तिला फक्त बाहेरचे दिसले होते. तिने खाली पाहिले आणि तेथे तो म्हातारा होता.

हनुवटी आपोआप वर गेली. गालफडे बसली, आणि त्यांच्याबरोबर एक जुना, कोणी न ऐकलेला राग तिच्या छातीत येऊन उभा राहिला. ती त्याच्यावर रागावली नव्हती. त्याच्याबरोबर रागावली होती. तिने फोटो बाजूला ठेवला. बाळ आले. मग नवरी. सभागृहात कोणी हसले नाही. तिला वेळ कळला नाही. फडके थांबले तेव्हा बाईंच्या हातात पेन्सिल होती.

बाई मागे वळल्या. "हे तुम्हीच का?"

मामा उभा राहिला. इतक्या माणसांत उभे राहण्याची त्याची ही पहिलीच वेळ असावी. त्याने सदऱ्याचे शेवटचे बटण धरून ठेवले.

"ते... आधीचं माझंच आहे, बाई. काच कापणं वगैरे. तसं रोज नाही करत मी, या आठवड्यातच जरा... असो. पण नंतरचं ते, तोंडं करणं." त्याने भिंगूकडे अपराध्यासारखे पाहिले. "खोटं कशाला बोलू? तसलं मी काही करत नाही. कामाच्या रगाड्यात तोंडं करायला वेळ कोणाला आहे?"

"म्हणजे, नाही?"

"नाही," मामा म्हणाला.

भिंगू तेथेच उभी होती. रडायचे नाही, असे तिने स्वतःला बजावले. खालचा ओठ दातांखाली धरला, डावी भुवई वर ताणली, कारण भुवई वर ताणली की पाणी आत राहते हे तिला गेल्या वर्षी मोरीत कळले होते. नाकपुड्या थरथरत होत्या.

मामा तिच्याकडे पाहत होता. त्याला फार वाईट वाटत असावे. तो नुसता पाहत होता, बाकी सगळे विसरून. आणि पाहता पाहता त्याचा खालचा ओठ आत गेला आणि दातांखाली आला. त्याची डावी भुवई वर चढली. नाकपुड्या थरथरू लागल्या. तिसऱ्या रांगेत, नव्या सदऱ्यात, अकरा वर्षे दहा महिन्यांची भिंगू उभी होती आणि रडायचे नाही असे स्वतःला बजावत होती.

आईने तोंडावर हात दाबला. टपालवाली आत्या अर्धवट उठून पाहू लागली. कोणीतरी एक लहान पोर ओरडले, "ते बघा! करतायत!" आणि सगळे सभागृह हसत सुटले.

"काय झालं?" मामा गोंधळून म्हणाला. "ताई, काय झालं गं?" आणि भोवतालचे सगळे हसत होते म्हणून त्याच्याही चेहऱ्यावर हसू आले.

फक्त बाई हसल्या नाहीत. त्या मामाकडे बराच वेळ पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "बसा. माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं." वहीत काहीतरी लिहून त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली. "आणि तू. रविवारी दहाला ये. हातोडी घरी ठेवून ये."

परतताना मामा दर दहा पावलांवर थांबत होता. "मी 'नाही' म्हणालो तरी घेतलं कसं? आणि हसले कशाला? मला कोणी सांगेल का?"

आईने तोंड उघडले. भिंगूने तिच्या दंडाला करकचून चिमटा काढला. आईने तिच्याकडे पाहिले. इस्त्रीपाशी हरवलेला तो सूर दोघींनाही एकदम आठवला असावा.

"तू सदऱ्याचं बटण पिळत होतास," आई म्हणाली. "तुटतंय की काय असं वाटत होतं लोकांना. म्हणून हसले."

"हात्तिच्या!" मामा म्हणाला आणि बटण चाचपून पाहू लागला.

सोमवारी शाळा सुटल्यावर भिंगू दुकानात गेली. पाहणी संपली होती; येण्याचे तसे कारण नव्हते. मामा जुनाच सदरा घालून होता. तिने स्टूल ओढले आणि दरवाजाकडे तोंड करून, मामाकडे पाठ करून बसली. रिकामी फ्रेम कोणीतरी घेऊन गेले होते. समोर काचेतून फक्त रस्ता दिसत होता. मामा तिला काही विचारणार होता, मग विसरला. मागे पट्टी कापल्याचा आवाज आला, मग खिळ्यांचा, मग काचेवरून फिरणाऱ्या फडक्याची बारीक चिरचिर. गोल, गोल, कोपऱ्यापर्यंत. कोणाचा फोटो होता ते तिने येताना पाहिले नव्हते. मान वळवायला किती थोडे लागले असते! तिने दोन्ही हातांनी स्टुलाची कड धरली.

दरवाजाबाहेर एक गिऱ्हाईक आले. उंच, थकलेले गृहस्थ, काखेत गुंडाळी. त्यांनी दार ढकलले, भिंगूच्या डोक्यावरून मागे टेबलाकडे पाहिले आणि ते उंबऱ्यातच थांबले. त्यांच्या डोळ्यांच्या कडांना आधी बारीक सुरकुत्या पडल्या, मग ओठ सैल झाले, आणि मग ते हळूहळू, दात दिसेपर्यंत, एखाद्या खोडकर म्हातारीसारखे हसू लागले.

"अच्छा," भिंगू मनात म्हणाली, "हसणारी आहे."